पोटाला चिमटा

आमच्या शाळेत सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. तळापासून तेथवर अडतीस पायऱ्या आहेत. त्या मी मोजलेल्या आहेत, कारण गेली चार वर्षे त्या मी वाटेत मुक्काम करून चढत आहे. पहिल्या मजल्यावर सूचनाफलक आहे. त्याच्यापाशी उभे राहून काहीतरी महत्त्वाचे वाचीत असल्याचा आव मी आणतो. फलकावर महिनोन्महिने एकच सूचना असते. मुलांना सारे कळते, पण ती बिचारी बोलत नाहीत.

गेल्या ज्येष्ठात रबाळ्याहून गाडीने ठाण्यास गेलो आणि एका शल्यविशारदाला प्रकृती दाखविली. वजन १३१ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, मधुमेहाला नऊ वर्षे झालेली, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकतो म्हणून घरातली माणसे जागी. डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करा. घाई नाही. विचार करून सांगा."

विचार करा म्हटले की इतर माणसे काय करतात ते मला ठाऊक नाही; मी पुस्तके उघडतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्यकातले मला कळते असा दावा नाही. परंतु मुलांना इतिहास शिकवता शिकवता, मूळ पाहिल्याखेरीज कोणत्याही गोष्टीला हात लावू नये अशी खोड जडली आहे. आणि येथे तर त्या गोष्टीनेच मला हात लावावयाचा होता.

प्रथम त्या आकड्याचेच पाहू. किलोतल्या वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो येतो. माझा ४६.४ आला. हा भागाकार कोणा वैद्याने काढलेला नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये ॲडॉल्फ केतले नावाचा ज्योतिर्विद आणि संख्याशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचा हा हिशेब. त्याला लठ्ठ माणूस शोधावयाचा नव्हता, 'सरासरी माणूस' कसा असतो ते पाहावयाचे होते. १९७२ साली अमेरिकेतील ॲन्सेल कीज यांनी त्या हिशेबाला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले, आणि तेव्हापासून तो दवाखान्यांत येऊन बसला.

आपल्याकडे मात्र विषय फार जुना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्यात आठ प्रकारची निंद्य शरीरे सांगितली आहेत: अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, अजिबात केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. यांपैकी शेवटच्या दोघांचाच विस्ताराने विचार केलेला आहे. स्थूलाचे दोष चरकाने मोजून दाखविले आहेत. आयुष्य घटते, हालचाल मंदावते, बळ राहत नाही, घामाचा त्रास होतो, भूक आणि तहान प्रमाणाबाहेर वाढतात. हे सारे माझ्याकडे पाहूनच लिहिले असावे असे मला वाटले. पण मी थबकलो तो पुढच्या विवेचनाशी. मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यातच फिरत राहतो आणि अग्नीला फुंकर घालतो. म्हणून स्थूल माणसाला भूक जास्त लागते, असे चरकाचे म्हणणे. म्हणजे भूक हे केवळ रोगाचे कारण नव्हे, रोगाचे कार्यही आहे! कारणांमध्ये अतिभोजन आणि दिवसाची झोप तर त्याने सांगितलीच आहे, पण जोडीला बीजाचा स्वभावही सांगितला आहे. कृश बरा, स्थूल अवघड, असाही त्याचा निर्वाळा आहे. कारण स्थूलाला उपास घालावा तर अग्नी भडकतो, आणि खाऊ घालावे तर मेद वाढतो.

इतके शहाणपण हाताशी असून आपण लठ्ठ माणसाकडे पाहिले ते मात्र चेष्टेने. जाड्या, ढोल्या, ढब्बू हे आपले शब्द. लहानपणी ज्याला गुटगुटीत म्हणून मांडीवर घेतात, त्यालाच विशीत दोंद्या म्हणतात. दुसऱ्याला कशाला दोष द्या? माझ्या पहिल्या कादंबरीत एक जाडा सावकार आहे. तो दर प्रकरणात काही ना काही खातो. त्याला वाईट ठरविण्यासाठी मला एवढेच पुरेसे वाटले होते. तेव्हा माझे वजन ७२ किलो होते.

जगातही हीच तऱ्हा. दहाव्या शतकात स्पेनमधील लिओनच्या सांचो राजाला इतिहास 'सांचो जाडा' म्हणूनच ओळखतो. घोड्यावर बसता येईना, म्हणून सरदारांनी ९५८ साली त्याला गादीवरून उतरविले असे सांगतात. त्याची आजी टोडा मोठी खमकी. तिने नातवाला थेट कॉर्दोबाच्या मुसलमान खलिफाच्या दरबारी नेले. तेथील यहुदी वैद्य हसदाई इब्न शाप्रूत याने त्याला बारीक केले, आणि खलिफाच्या फौजेच्या बळावर सांचो पुन्हा गादीवर बसला. वैद्याने त्याचे ओठ शिवून टाकले होते आणि नळीने पातळ औषधे पाजली होती, ही पुढची दंतकथा. दंतकथा खरी नसेना का, लोकांना उपाय कोणता सुचतो ते तिच्यातून दिसते: तोंड बंद करा. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग या प्रेतयात्रांची व्यवस्था लावणाऱ्या गृहस्थाने साखर आणि पिष्ट सोडून आपण कसे बारीक झालो त्याची पुस्तिका छापली. ती इतकी खपली की इंग्रजीत 'बँटिंग करणे' असे क्रियापदच रूढ झाले. क्रियापदे टिकतात, वजने परत येतात. मी स्वतः तीनदा वीस-वीस किलो उतरविले आहेत आणि तिन्ही वेळा व्याजासह परत घेतले आहेत.

शस्त्राने हा रोग हाताळावा ही कल्पना पुढे आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळावयाचा, म्हणजे खाल्लेले अंगी लागावयाचे नाही. माणूस हवे तेवढे खाईल आणि तरीही रोडावेल! हिशेब सरळ होता. शरीर सरळ नव्हते. रोग्यांचे वजन उतरले. परंतु न थांबणारे जुलाब, मूतखडे, क्षार-जीवनसत्त्वांची तूट, आणि काहींचे यकृत निकामी. ती शस्त्रक्रिया पुढे सोडून द्यावी लागली. ह्या विद्येचा पाया असा चुकीच्या हिशेबावर घातलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरी वाट आयोवाच्या एडवर्ड मेसन यांची. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुढे वाढत नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडला. हाच गॅस्ट्रिक बायपास. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. कोणी जठराला पट्टा बांधला. कोणी जठराचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढला आणि केळ्यासारखी नळी ठेविली, तिला स्लीव्ह म्हणतात. १९९१ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या परिषदेने मर्यादा घालून दिली: निर्देशांक ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा जोडरोग असेल, तरच शस्त्र. २०२२ साली ती मर्यादा खाली आणण्यात आली, आणि आशियाई लोकांसाठी आणखी खाली.

आशियाईंसाठी वेगळी मर्यादा का, याचे एक उत्तर पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनच्या जॉन यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. परंतु यडकिन यांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२! दिसावयास सडपातळ असणारा आमचा माणूसही आत मेद बाळगून असतो. केतलेच्या सरासरी माणसाला पुण्याने दिलेले हे उत्तर मला फार आवडते.

मोठा चकवा पुढेच होता. जठर लहान केले म्हणून माणूस कमी खातो आणि रोडावतो, अशी सर्वांची समजूत होती. परंतु अमेरिकेतील वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले की त्यांच्या बायपास केलेल्या १४६ मधुमेही रोग्यांपैकी १२१ जणांची साखर ताळ्यावर आली. आणि साखर उतरली ती पुष्कळदा काही दिवसांतच, वजन उतरण्याच्या आधी. मग केवळ कमी खाण्याने हे कसे घडावे? १९९९ साली जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून निघणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक शोधून काढले; ते मेंदूला भूक कळविते. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग कापला जातो, मुख्यतः तेथूनच ते निघते. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचते, आणि तृप्तीचा निरोप नेणारी दुसरी संप्रेरके वाढतात. थोडक्यात, सर्जनांना वाटले आपण पोटाला चिमटा घेतला. प्रत्यक्षात त्यांनी भुकेची भाषा बदलली होती. चरकाचा वायू आणि हे घ्रेलिन एकच असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पण भूक ही माणसाच्या नीतीची परीक्षा नव्हे, एवढे दोघेही सांगतात.

स्वीडनने याचा दीर्घ ताळेबंद मांडला. १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेले सुमारे दोन हजार आणि न केलेले तेवढेच लठ्ठ रोगी त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. २००७ साली हिशेब निघाला, तेव्हा सरासरी अकरा वर्षांत शस्त्रक्रिया न केलेल्यांत १२९ मृत्यू, केलेल्यांत १०१. चमत्कार नव्हे, पण ही अठ्ठावीस घरे मी कितीतरी वेळ डोळ्यांपुढून हलवू शकलो नाही.

आमच्या मुंबईत ह्या विद्येची वाट दुर्बिणीने मोकळी केली. १९९० साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पोट उभे चिरण्याऐवजी चार-पाच छिद्रांतून काम होऊ लागले. लठ्ठ माणसाच्या बाबतीत हा फरक जिवाचा आहे, कारण मोठी जखम त्याला भरून येत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत तर साऱ्या जगाचे डोळे मुंबईकडे लागले. इजिप्तची इमान अहमद, वजन सुमारे पाचशे किलो सांगितलेले, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेली, मालवाहू विमानातून आली. तिला क्रेनने उचलून सैफी रुग्णालयात नेले. मार्चमध्ये डॉ. मुफझल लकडावाला यांनी तिची शस्त्रक्रिया केली. पुढे वजन किती उतरले यावरून तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीस हलविले आणि सप्टेंबरात ती तेथेच वारली. तिची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. तिला ती आवडली असती का, हे कोणी विचारले नाही.

त्याच फेब्रुवारीत, महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी, एका लठ्ठ पोलिसाचे छायाचित्र कोणीतरी थट्टेने सर्वत्र पाठविले. तो मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशचा होता. आपले वजन आजारपणाने वाढले, असे त्याने उत्तर दिले. पुढे मुंबईतच त्याची शस्त्रक्रिया झाली. हसणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा माझे वजन ११० होते.

आता माझ्या डॉक्टरांनी सुचविले आहे ते बायपास, कारण मधुमेह जुना आणि छातीत जळजळही आहे. जठराचा कप्पा उरेल तो दोन मोठे चमचे मावतील एवढा. धोका नाही असे नव्हे. शिवण गळू शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते. चांगल्या ठिकाणी हजारांत एक ते तीन माणसे दगावतात. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावयाचे, आधी प्रथिने मग भात, घास बारीक चावावयाचा, जेवताना पाणी नाही. गोड खाल्ले तर घाम फुटतो, छाती धडधडते. दिवाळी अंकात हे सांगताना जीव कासावीस होतो, पण अनारशाशी आता माझे नाते नमस्कारापुरते. आमच्या आगरी-कोळी गावात हळदीच्या जेवणाला दुसऱ्यांदा नको म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान. तो अपमान मला प्रत्येक घरी जाऊन करावा लागेल.

औषधे नाहीत का, असे वाचक विचारतील. आहेत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड यांच्या वजन उतरविणाऱ्या सुया २०२५ साली भारतात आल्या; आतड्याच्या त्याच तृप्तीच्या निरोपाची ती नक्कल. त्यांनी वजनाचा सातवा ते पाचवा हिस्सा उतरतो. थांबविल्या की बरेचसे परत येते. जन्मभर सुईचा खर्च माझ्या पगारात बसत नाही. शस्त्रक्रियेलाही काही लाख लागतात. परंतु विमा नियामकाने २०१९ साली घालून दिलेल्या अटींत, निर्देशांक ४० च्या वर असलेल्या प्रौढाची शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झाली तर ती लठ्ठपणाच्या नावाखाली वगळता येत नाही. आयुष्यात प्रथमच माझा आकडा माझ्या उपयोगी पडत आहे.

आईला हे सांगितले तेव्हा ती चकल्या पाडीत होती. "धड पोट कापून कुणाचं भलं झालंय?" एवढेच म्हणाली आणि सोऱ्या फिरवीत राहिली. मी वाद घातला नाही. तारीख मार्गशीर्षातली मिळाली आहे. त्याआधी पंधरा दिवस यकृत आटावे म्हणून पातळ पदार्थांवर राहावयाचे. ते तुळशीच्या लग्नानंतर सुरू होईल.

रात्री ती माझ्या खोलीत आली. हातात भाताची वाटी होती.

"ही भरून चालेल?"

"नाही. पहिले कित्येक आठवडे एवढी नाही."

ती गेली. मडक्या-डब्यांचा आवाज बराच वेळ येत होता. परतली तेव्हा हातात माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी होती, काळी पडलेली. पदराने ती पुशीत तिने विचारले, "मग ही?"