मोठ्या बोअरच्या रायफलसाठी दारू कशी निवडतात?

अमेरिकेत बरेच नेमबाज काडतुसं घरीच भरतात. (भारतात परवान्याशिवाय हे करणं आर्म्स ॲक्ट, १९५९ नुसार गुन्हा आहे.) उदाहरणादाखल १८७३ चं .४५-७० घेऊ. ४५ म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागांत अंदाजे व्यास, ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन; साधारण साडेचार ग्रॅम.

नळी रुंद असली की गोळी जरा पुढे सरकताच मागची जागा झपाट्याने वाढते आणि दाब उतरतो. फार सावकाश जळणारी दारू मग अर्धवटच जळते, म्हणून इथे मध्यम किंवा थोडी जलद दारू घेतात.

खरी मेख पुढे आहे. धूरविरहित दारूत त्याच वजनात कितीतरी जास्त ऊर्जा असते, त्यामुळे ७० हा आकडा तिला लावायचाच नाही. शिवाय पुंगळी मोठी आणि दारू थोडी, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी मावते, आणि बंदूक फुटू शकते! पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी दारू मला तरी जास्त शहाणपणाची वाटते.

काडतूस तेच असलं तरी जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डला नव्या रायफलीइतका दाब झेपत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये दोघांचे तक्ते वेगळे असतात. जळण्याच्या वेगाची यादी फक्त क्रम सांगते, प्रमाण नाही.