कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय

कलनशास्त्राच्या, म्हणजेच कॅल्क्युलसच्या, दोन प्रमुख शाखा आहेत. वक्राला एखाद्या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ किंवा बदलत्या राशीचा विशिष्ट क्षणीचा वेग अवकलनाने कळतो. वक्राखालील क्षेत्रफळ, म्हणजे असंख्य सूक्ष्म भागांची बेरीज, समाकलनाने मिळते. या दोन क्रिया परस्परांच्या उलट आहेत, असे सांगणाऱ्या नियमाला कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय म्हणतात. महाविद्यालयात समाकलनाची ओळख बहुधा ‘अवकलनाची उलट क्रिया’ अशीच करून दिली जाते. त्यामुळे हे नाते व्याख्येतच आहे, असा समज होतो. वस्तुतः ते सिद्ध करावे लागते आणि ते उमगायला गणिताला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली.

क्षेत्रफळाचा प्रश्न अधिक जुना. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने पॅराबोलाच्या खंडात उत्तरोत्तर लहान त्रिकोण बसवून त्याचे क्षेत्रफळ काढले. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. गोलाचे पृष्ठफळही त्यांनी लहान तुकड्यांची बेरीज करून काढले. एकात अवकलनाचे बीज आहे, दुसऱ्यात समाकलनाचे. मात्र दोहोंना जोडणारा नियम तेथे नाही. सतराव्या शतकात फर्माने स्पर्शिकांसाठी आणि काव्हालिएरीने क्षेत्रफळांसाठी पद्धती शोधल्या. जेम्स ग्रेगरी (१६६८) आणि आयझॅक बॅरो (१६७०) यांच्या ग्रंथांत दोन्ही प्रश्नांमधील संबंध भूमितीच्या भाषेत आढळतो. तो सर्वत्र वापरता येईल अशी गणनपद्धती न्यूटन आणि लायब्निझ यांनी स्वतंत्रपणे घडविली. न्यूटनने १६६६ मध्ये आपले विचार लिहून ठेवले. लायब्निझचे अवकलनावरील लेखन १६८४ मध्ये आणि समाकलनावरील १६८६ मध्ये प्रसिद्ध झाले. समाकलनाचे चिन्ह लायब्निझचेच. बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दातील ‘एस’ हे आद्याक्षर लांबवून ते तयार झाले.

हे नाते समजण्यास मोटारीचे उदाहरण पुरेसे आहे. स्थिर उभी असलेली मोटार निघाली आणि तिचा वेग दर सेकंदाला सेकंदास २ मीटरने वाढत गेला, तर दहाव्या सेकंदाअखेर तो सेकंदास २० मीटर होईल. वेग आणि काळ यांचा आलेख काढल्यास त्याखाली १० पाया व २० उंचीचा त्रिकोण तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ १००; मोटारीने कापलेले अंतरही १०० मीटरच. अंतर काळाच्या वर्गाइतके आहे आणि काळाच्या वर्गाचे अवकलन केले की काळाची दुप्पट, म्हणजे पुन्हा वेगच हाती येतो.

असे का होते? वक्राखालील क्षेत्रफळाची उजवी सीमा किंचित पुढे सरकवली, तर एका अरुंद पट्टीची भर पडते. पट्टीचे क्षेत्रफळ जवळजवळ उंची गुणिले रुंदी इतके असते. त्याला रुंदीने भागले की उरते ती उंची. रुंदी शून्याकडे नेली की ‘जवळजवळ’ हा शब्दही गळून पडतो. क्षेत्रफळ वाढण्याचा दर म्हणजेच त्या ठिकाणची वक्राची उंची, हा प्रमेयाचा गाभा होय. सलग वक्रांसाठी याची काटेकोर सिद्धता कोशीने १८२३ मध्ये दिली.

प्रमेयाचा लाभ मोठा आहे. ज्या फलाचे अवकलन दिलेल्या फलाइतके येते ते फल सापडले, की त्याच्या दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी हेच क्षेत्रफळ. असंख्य पट्ट्यांची बेरीज करावी लागत नाही. परंतु असे फल नेहमीच्या सूत्रांत सापडेलच असे नाही. संख्याशास्त्रातील घंटेच्या आकाराच्या वक्राखालचे क्षेत्रफळ निश्चित असते, तरी ते देणारे साधे सूत्र नसल्याने तक्ते किंवा संगणक वापरावे लागतात. समाकलन मुळात बेरीज आहे, हे येथे स्पष्ट होते.

उलट प्रवासात एक गोष्ट हरवते. वेगाच्या नोंदीवरून मोटार किती अंतर गेली ते कळते, पण ती पुण्याहून निघाली की नाशिकहून, हे कळत नाही. विद्यार्थी उत्तराअखेर लिहितात तो स्थिरांक हीच उणीव दाखवतो. विमानातील जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा त्वरणाचे समाकलन करून वेग आणि वेगाचे समाकलन करून स्थान काढते. म्हणूनच उड्डाणापूर्वी विमान नेमके कोठे उभे आहे, ते तिला कळणे आवश्यक असते. परीक्षेत विसरल्यास गुण गमवावा लागणारा तो स्थिरांक येथे विमानाचा ठावठिकाणा ठरवतो.