पावणेनऊ टक्क्यांतलं शून्य

नवी मुंबईत ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की व्याजदर कुणाच्या मनात येत नाही. बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यात त्याचा अर्थ एकच: जमीन.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली; मिळणारा मोबदला शेतकऱ्यांना मान्य नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. या लढ्यातूनच पुढे योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत.

जुन्या पिढीला हा हिशेब कागदाशिवाय जमत असे. रुपयाचे सोळा आणे. साडेबारा टक्के म्हणजे रुपयात दोन आणे, आठवा हिस्सा. एकराचे चाळीस गुंठे, त्यातले पाच परत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आणे गेले आणि मुलांच्या वाट्याला दशांशचिन्ह आलं.

मी सुट्टीच्या दिवशी सहावीच्या मुलांना गणित शिकवतो. ‘टक्के काढा आणि चिन्ह दोन घरं डावीकडे सरकवा’ हा नियम त्यांना पाठ असतो. पण घर म्हणजे काय, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी एक हेक्टर जमीन घेतो: १०,००० चौरस मीटर. दशांश घरातला एक म्हणजे १,००० चौरस मीटर. शतांशातला एक म्हणजे १००, सातबाऱ्यावरचा एक आर. सहस्रांशातला एक म्हणजे १०. आता साडेबारा टक्के, म्हणजे ०.१२५ हेक्टर: १,००० अधिक २०० अधिक ५०. एकूण १,२५०.

खरी परीक्षा पुढे आहे. या साडेबारातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होतात. हातात उरतात ८.७५, आपल्या भाषेत पावणेनऊ. बरीच मुलं पटकन ०.८७५ लिहितात. तसं असतं तर हेक्टरमागे ८,७५० चौरस मीटर परत मिळाले असते, आणि भांडायला फारसं काही उरलंच नसतं. बरोबर उत्तर ०.०८७५, म्हणजे ८७५ चौरस मीटर. शंभरातले पावणेनऊ पुरते दहाही नाहीत, म्हणून दशांशाचं घर रिकामं. ते रिकामं आहे हे सांगायला शून्य लागतं.

आपल्याकडे शून्याला ‘काही नाही’ म्हणायची सवय आहे. इथे ते काढलं तर जमीन दहापट होते. आणि ‘साडेबारा’ ऐकायला कितीही भरघोस वाटलं, तरी एक एकर दिलेल्या घराच्या वाट्याला शेवटी साडेतीन गुंठे येतात. ज्या मुलाला हे स्वतः मांडून काढता येतं, त्याला आजोबा कशासाठी लढले हेही नीट समजतं.