घटस्फोट : प्रक्रिया आणि वकील (कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

न्यायालयाच्या हुकूमनाम्याने विवाह कायद्याने संपणे म्हणजे घटस्फोट. चाळीसगावच्या वाटेवरचे, औट्रम घाटाअलीकडचे कन्नड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई प्रांताचा 1947 चा हिंदू घटस्फोट कायदा त्यामुळे येथे लागू नव्हता. 18 मे 1955 रोजी अमलात आलेला हिंदू विवाह कायदा मात्र येथेही लागू झाला. बौद्ध आणि जैन त्याच कायद्याखाली येतात. भिल्लांसारख्या अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेशिवाय तो लागू होत नाही. त्यांच्यात रूढी चालते. मुस्लिम स्त्रीला 1939 च्या कायद्याने न्यायालयात विवाहविच्छेद मागता येतो.

कायदा येऊन सत्तर वर्षे झाली, तरी खेड्यापाड्यांत फारकत अजून मुद्रांकाच्या कागदावरच होते. चार मंडळी बसतात, देणेघेणे ठरते, दोघांचे फोटो चिकटवून नोटरीचा शिक्का मारला जातो आणि लेक माहेरी येते. या कागदाने विवाह संपत नाही. कलम 29 ने रूढीतला काडीमोड वाचवला आहे, पण आपल्या समाजात तशी जुनी, अखंड रूढी आहे हे सांगणाऱ्यानेच साक्षीपुराव्यानिशी सिद्ध करायचे असते. ते जमले नाही, तर दुसरे लग्न पहिल्यापासूनच रद्दबातल ठरते आणि द्विभार्येचा गुन्हाही लागू शकतो. याची झळ सर्वांत जास्त बसते ती दुसऱ्या बायकोला. नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस लावायची किंवा पेन्शन मागायची वेळ आली, की पहिली बायको कायद्याने अजून बायकोच असल्याचे तिला कळते. तिच्या मुलांना बापाच्या मिळकतीत वाटा मिळतो, तिला वारसा मिळत नाही.

अर्ज कुठे करायचा, हा पहिला प्रश्न. लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा सामनेवाला जिथे राहतो, तिथे. 2003 च्या दुरुस्तीने पत्नीला ती सध्या राहते तिथेही, म्हणजे माहेरच्या गावच्या न्यायालयातही, अर्ज करता येतो. पुण्यात नांदून परत आलेल्या मुलीला पुण्याला खेटे घालायची गरज उरली नाही. छत्रपती संभाजीनगर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेर असे अर्ज साधारणपणे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. पोटगीचा आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज मात्र कन्नडच्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो.

दोघे राजी असतील तर कलम 13-ब. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा हजर राहून संमती सांगायची. ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात ठरवले. संमती शेवटपर्यंत मागे घेता येते, म्हणून ठरलेली रक्कम आणि स्त्रीधन कधी हाती पडणार, हे अर्जातच लिहून घ्यावे. एकाची हरकत असेल तर क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार यांसारखे कारण सिद्ध करावे लागते : नोटीस, कैफियत, समुपदेशन, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद. माणसे ऊसतोडीला गेलेली असली की बेलीफ नोटीस घेऊन परत येतो आणि महिने जातात. बजावलेली नोटीस बाजूला ठेवणे तर त्याहून महाग पडते, कारण निकाल एकतर्फी होतो.

वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी फी किती, टप्पे कोणते, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च त्यात धरला आहे का, हे लेखी घ्यावे. पोटगीतला टक्का मागणे बार कौन्सिलच्या नियमांनी निषिद्ध आहे. संमतीच्या अर्जातही दोघांचा वकील एक नसलेला बरा. कोऱ्या कागदावर सही देऊ नये. अर्ज मराठीतून वाचून घ्यावा आणि आपल्या तोंडी नसलेला आरोप त्यात आला असेल तर काढायला लावावा. उलटतपासात उत्तर पक्षकाराला द्यावे लागते, वकिलाला नाही. लग्नपत्रिका, आधार, मुलांचे दाखले, बँकेची पाने वकिलाकडे द्यावीत, मूळ प्रती मात्र स्वतःजवळ ठेवाव्यात. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. शेती आणि दुधाचे उत्पन्न लपवले तर ते अंगाशी येते. प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे पुढची तारीख मोबाइलवर दिसते. वकील बदलता येतो. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 चा निर्णय आहे.

महाराष्ट्रात स्त्रियांना घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत न्यायालयीन शुल्क 1994 पासून माफ आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.