संत डेनिसचें नगर व तेथील राजमंदिर

पॅरिसच्या उत्तरेस, मध्यवस्तीपासून सुमारें 9 किलोमीटरांवर, सेंट डेनिस नांवाचें उपनगर आहे. फ्रेंच लोक त्यास सें-दनी म्हणतात. पॅरिसचे पहिले बिशप संत डेनिस इ. स. 250 च्या सुमारास रक्तसाक्षी झाले व त्यांचें दफन येथें झालें, अशी प्राचीन परंपरा आहे. छेदिलेलें मस्तक हातीं धरून ते मोंमार्त्र टेकडीवरून येथवर चालत आले, ही कथा वाचकांनीं चित्रांत पाहिली असेलच. तिच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. इ. स. 639 त राजा दागोबेर याचें दफन संताच्या थडग्यापाशीं झालें, आणि पुढें फ्रान्सच्या बहुतेक राजांनीं तेथेंच विसांव्याची जागा घेतली.

आजच्या मंदिराचें काम मठाधिपति स्यूझे यांनीं 12 व्या शतकांत आरंभिलें. हे राजदरबारचे मोठे कारभारी. पण बांधकामाची जी हकीकत त्यांनीं लिहून ठेविली आहे, ती वाचतांना एखादे खेड्यांतील धर्मगुरु आपल्या देवळाची गोष्ट सांगत आहेत असें वाटतें. खांब रोमहून आणावे असा त्यांचा विचार होता. तों पोंत्वाझजवळ उत्तम दगडाची खाण सांपडली. तेथले दगड वर काढण्यास सरदार व साधे लोक एकत्र आले आणि छातीला, दंडांना दोर बांधून ओढकामाच्या जनावरांप्रमाणें त्यांनीं ते ओढले. लांब तुळया या मुलखांत मिळणार नाहींत, असें सुतारांनीं निक्षून सांगितलें. तेव्हां मठाधिपति स्वतः रानांत गेले व त्याच दिवशीं लागत होतीं तेवढीं, म्हणजे 12 झाडें, शोधून काढलीं! 11 जून 1144 रोजीं वेदीभोंवतालच्या नव्या भागाची प्रतिष्ठापना झाली. टोंकदार कमानी व रंगीत कांचांच्या खिडक्या यांची गॉथिक पद्धति युरोपभर पसरली, तिचा उगम येथला मानतात.

नंतर राज्यक्रांति आली, आणि 1793 साल उजाडलें. ऑगस्टांत राजांचीं स्मारकें फोडलीं गेलीं. ऑक्टोबरांत शवपेट्या उघडून शिसें काढून घेतलें आणि प्रेतें बाहेरच्या दोन खड्ड्यांत चुना घालून पुरलीं. गांवाचें नांवहि बदलून फ्रांसियाद ठेविलें. राजांच्या जुलुमाचा संताप आम्हांस समजतो. मेलेल्यांवर उगविलेला सूड समजत नाहीं. अलेक्सांद्र लनवार या गृहस्थानें बरींच कोरीव स्मारकें पॅरिसास हालवून वांचविलीं, हे त्याचे मोठे उपकार. 1817 त अस्थि परत आणिल्या, तों कोणतें हाड कोणाचें हें सांगतां येईना. म्हणून सर्व एकत्र तळघरांत ठेवून, नांवें तेवढीं काळ्या संगमरवरावर कोरिलीं.

कालवा 1821 त झाला, मागून आगगाडी व कारखाने आले, आणि ब्रिटनी, स्पेन, पोर्तुगाल, उत्तर आफ्रिका येथून मजूर आले. राजांचें दफनस्थान कामकऱ्यांच्या वस्तीचें देऊळ बनलें. 1966 त नव्या धर्मप्रांताचें कॅथेड्रलहि तेंच झालें. 1 जानेवारी 2025 रोजीं शेजारचें पियेरफित या नगरांत मिळाल्यावर लोकसंख्या सुमारें दीड लाख झाली. वादळानंतर खिळखिळा झालेला उत्तरेकडील मनोरा 1846 त उतरवावा लागला होता. त्याच्या पुनर्बांधणीचा पहिला दगड मार्च 2025 त बसविला गेला.