बाळंतिणीची पोषग्रंथी

कोलशेत हे ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. खाडीपलीकडे भिवंडी तालुका. या गावाचे नाव आमच्या पिढीच्या कानी आले ते मात्र मासळीमुळे किंवा भातामुळे नव्हे, तर कारखान्यांमुळे. बायरचा कारखाना याच कोलशेत रस्त्यावर होता आणि स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातील सँडोज कंपनीचाही येथेच होता. पुढे 1995 मध्ये सँडोजची रसायनशाखा क्लॅरियंट या नावाने वेगळी झाली, 1996 मध्ये औषधांची शाखा सिबा-गायगीशी मिळून नोव्हार्टिस झाली, कारखान्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि तेथे उंच इमारती उठल्या. टपालाच्या पत्त्यात मात्र 'सँडोज बाग' हे नाव उरले.

आज आम्हांला सांगावयाची आहे ती कथा कारखान्याची नव्हे. माणसाच्या मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या हाडाच्या खोबणीत बसलेल्या एका ग्रंथीची ती आहे. पण सँडोजचे नाव या कथेत पुन्हा पुन्हा येते, म्हणून कोलशेतपासून सुरुवात केली.

ही पोषग्रंथी, अलीकडे जिला पीयूषिका म्हणतात, शरीरातील बहुतेक ग्रंथींची कारभारीण होय. गळ्यातील अवटू ग्रंथी, मूत्रपिंडावरील अधिवृक्क, स्त्रीपुरुषांच्या जननग्रंथी, या साऱ्या तिच्या आज्ञेवर चालतात. वाढीचे संप्रेरक ती स्वतःच तयार करते. वाढ म्हटली की मूल डोळ्यांसमोर येते. त्यामुळे उंची थांबली की या संप्रेरकाचे काम संपले, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ होता. तो चुकीचा ठरावयास निम्मे शतक लागले.

गरोदरपणात ही ग्रंथी फुगते, परंतु तिला रक्त पुरविणारी वाट मंद दाबाचीच राहते. प्रसूतीनंतर अतोनात रक्तस्राव झाला आणि रक्तदाब कोसळला, की सर्वांआधी उपाशी पडते ती हीच. तिचा पुढचा भाग मरतो. ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनांवरून 1937 मध्ये ही गोष्ट मांडली. जी स्त्री वाचते तिचे काय होते? तिला दूध येत नाही. पाळी परत येत नाही. काखेतील केस जातात, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी व फिकी पडते, अंगात त्राण राहत नाही. वाढीचे संप्रेरक निर्माण करणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात, पण त्यांची उणीव सर्वांत उशिरा ओळखली जाते. पुष्कळदा ओळखलीच जात नाही.

अशी बाई आपल्याकडे कोणी पाहिली नसेल? घरी सुईणीच्या हातून बाळंतपण झाले, रक्त फार गेले, देवाच्या कृपेने बाई वाचली, पण 'त्या बाळंतपणापासून ती उठलीच नाही' हे वाक्य खाडीकाठीच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी ऐकू येई. सूतिकारोग म्हणावे, अशक्तपणा म्हणावा, लोहाच्या गोळ्या द्याव्यात. सासूने आळशी ठरवावे, हे तर ओघानेच आले. दहा-वीस वर्षांनी एखाद्या साध्या तापात ती बेशुद्ध होऊन रुग्णालयात आली आणि रक्तातील सोडियम भलतेच उतरलेले दिसले, म्हणजे मग कोणी चतुर डॉक्टर विचारतो, 'शेवटच्या मुलाला अंगावर पाजले होते का?' एवढ्या एका प्रश्नात निदान असते. काश्मीरमध्ये डॉ. झरगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वीस वर्षांवरील स्त्रियांत या विकाराचे प्रमाण सुमारे 3 टक्के आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया घरी बाळंत झालेल्या होत्या.

आपल्या शेतकऱ्याला आणखी एक वाट या रोगाकडे नेते, ती घोणसाच्या दंशाची. विषाने रक्त गोठण्याची घडी बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि पोषग्रंथीतही तोच घात होतो. भारतीय डॉक्टरांनी 1976 मध्ये अशा रुग्णांची नोंद केली, ब्रह्मदेशातील डॉक्टरांनी 1987 मध्ये. परळच्या हाफकिनची सर्पविषावरील लस वेळेवर मिळाली तर जीव वाचतो. वाचलेल्याला पुढे काही महिन्यांनी थकवा का येतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आता सँडोजकडे वळू. राय नावाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी पडते. युरोपातील सुइणी ती फार पूर्वीपासून वापरीत. सँडोजमधील आर्थर श्टोल यांनी 1918 मध्ये तिच्यातून अर्गोटामिन वेगळे काढले. पुढे श्टोल व आल्बर्ट होफमान यांनी मेथिल-अर्गोमेट्रिन तयार केले. प्रसूतिगृहातील परिचारिकांना 'मेथर्जिन' म्हणून जे ठाऊक आहे, ते हेच. गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव थांबविणे हे त्याचे काम. (याच होफमान यांच्या हातून एलएसडीही जन्मले; पण ते प्रकरण निराळे.) याच बुरशीच्या कुळातून ब्रोमोक्रिप्टिन आले, जे पोषग्रंथीच्या दूध-संप्रेरक स्रवणाऱ्या गाठी आक्रसविते. आणि वाढीचे संप्रेरक अति झाल्यावर त्याला आवर घालणारे ऑक्ट्रिओटाइडही बाझेललाच घडले. म्हणजे ग्रंथी मरू नये म्हणून उपाय झाला, तिची गाठ झाली तर उपाय झाला, ती उधळली तर उपाय झाला. ती मेल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न दुसरीकडे सुटावयाचा होता.

कॅलिफोर्नियात चोह हाओ ली व हर्बर्ट इव्हान्स यांनी 1944 मध्ये बैलाच्या ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक काढले. उंदीर वाढले, माणूस वाढेना! माणसाला माणसाचेच लागते, असे ठरले. बॉस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी प्रेतांच्या पोषग्रंथींतून ते मिळविले आणि 1958 मध्ये एका सतरा वर्षांच्या खुज्या मुलाची उंची वाढल्याचे प्रसिद्ध केले. 1962 मध्ये त्यांनी जाता जाता एक नोंद केली: पस्तीस वर्षांच्या एका शिक्षिकेला हे औषध दिल्यावर उत्साह, उमेद आणि बरे वाटणे ही तिन्ही वाढल्याचे तिने स्वतःच सांगितले. साऱ्या इतिहासात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद. पण औषध प्रेतांतून काढावयाचे, ते मुलांनाच पुरत नसे. मोठ्यांना कोण देणार? ती नोंद सत्तावीस वर्षे तशीच पडून राहिली.

मध्यंतरी अनर्थ घडला. त्या ग्रंथींपैकी काहींतून मेंदू पोखरणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग मुलांत शिरला होता. 1985 मध्ये अमेरिकेने व ब्रिटनने ते औषध बंद केले. पुढे जगभरात दोनशेहून अधिक माणसे या मार्गाने दगावली. योग असा, की जनुकांच्या साहाय्याने जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या संप्रेरकाला त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. पुरवठ्याची मर्यादा संपली आणि मोठ्या माणसांची पाळी आली. 1989 मध्ये डेन्मार्क व लंडन येथील चाचण्या प्रसिद्ध झाल्या. लंडनच्या 24 प्रौढांवरील चाचणीत संप्रेरक मिळालेल्यांची सहा महिन्यांत चरबी सरासरी 5.7 किलोंनी घटली, आणि चरबीविरहित भार 5.5 किलोंनी वाढला. 1990 मध्ये स्वीडनच्या गॉथेनबर्गहून 333 रुग्णांचा हिशेब आला: इतर सर्व संप्रेरके मिळूनही पोषग्रंथी गमावलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे दुप्पट होते. अमेरिकेत 1996 मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली. या उपचाराने आयुष्य वाढते असे काटेकोर चाचणीने सिद्ध झालेले नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. तारुण्य टिकविण्यासाठी निरोगी माणसाने ते टोचून घेणे हा तर शुद्ध धंदा होय.

उपचाराचा क्रम मात्र पक्का ठरला आहे. प्रथम अधिवृक्काचे स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटला तर रुग्ण जिवावर बेतण्याइतका कोसळू शकतो. मग जननसंप्रेरके. वाढीच्या संप्रेरकाचा क्रम शेवटचा. इन्सुलिनने रक्तातील साखर उतरवून ते किती चढते हे पाहावयाचे, आणि दिवसाला 0.2 ते 0.3 मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेने आरंभ करावयाचा. मात्रा चढली तर अंगाला सूज येते, सांधे दुखतात, हातांना मुंग्या येतात. कर्करोग चालू असेल तर ते देत नाहीत. 2020 पासून आठवड्यातून एकदाच टोचावयाचे औषधही अमेरिकेत मान्य झाले आहे.

स्टेरॉइड व थायरॉक्सिनच्या गोळ्या सरकारी रुग्णालयातील गरीब बाईलाही परवडतात, आणि त्यांनी तिचा जीव वाचतो. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने महाग असल्यामुळे आपल्याकडे ती प्रामुख्याने मुलांना दिली जातात. प्रौढांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतात. रेबेनच्या त्या शिक्षिकेला जे जाणवले, ते कोलशेतच्या खाडीकाठी घरी बाळंत झालेल्या, आता साठीच्या पुढे गेलेल्या बाईला कधी जाणवलेच नाही. ती गोळ्यांवर जगते, पण लवकर दमते, आणि दमणे हा आपला स्वभावच आहे असे समजते.