जुन्नरी कागद, शिवनेरीची पत्रं

पेशवाईतलं अस्सल पत्र हाती आलं, तर अक्षराआधी कागद पाहावा. जुन्नरचे कागदी जुनं गोणपाट चुन्यात भिजवून कुटत, पाण्यात धुऊन त्याचा लगदा करत. साच्यावर उचललेला ताव वाळला की त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत होईस्तोवर घोटायचा. या घोटाईमुळेच बोरू कुठं न अडकता मोडी लिहीत पळे. मजकूर लांबला की तावाला ताव चिकटवत. असा एकेक ताव म्हणजे बंद.

याच जुन्नरच्या डोक्यावर, शिवनेरीवर, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी १७९४ मध्ये रघुनाथरावांच्या मुलांना कैदेत ठेवलं. त्यातल्या बाजीरावानं पहाऱ्यावरच्या बळवंतराव नागनाथांना वश केलं आणि पुण्यात पेशवे सवाई माधवरावांशी गुप्त पत्रव्यवहार सुरू केला. मी इथं कैदेत, तुम्ही तिथं, असा त्याचा सूर असल्याचं इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. नानांना सुगावा लागला. बळवंतराव बेड्यांत पडले, तरुण पेशव्याची कानउघाडणी झाली. ऑक्टोबर १७९५ मध्ये तो शनिवारवाड्यात वरून पडला आणि दोन दिवसांनी गेला.

त्या काळी असं पत्र जवळ बाळगणं म्हणजे जिवाशी खेळ. जपली जात ती कारभाराची पत्रं, तीही हक्क आणि हिशेबापोटी. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं, तेव्हाही ते चाळलं गेलं ते इनामं तपासायला. जुन्या पत्राला इतिहासाचं साधन मानून छापायची धडपड १८७८ च्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकापासून जोमात आली. इतिहास संशोधक राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढं गावोगाव पायपीट करून दफ्तरं धुंडाळली. नाना फडणवीसांचं मेणवलीचं दफ्तर संशोधक पारसनिसांनी मिळवलं. आज ते डेक्कन कॉलेजात आहे. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. १९३० ते ३४ या काळात इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले.

संग्राहकाचा जीव मात्र अडकतो तो स्वदस्तुरात. बहुतेक मजकूर कारकुनाच्या हातचा. शेवटी धन्यानं स्वतः चार ओळी ओढलेल्या असल्या तर तिथं तो माणूस भेटतो. ही ओढ मला मनापासून पटते. पण तेवढाच कागद रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून, उचलून फ्रेममध्ये घालणं मला अजिबात मान्य नाही. कारण अशा कितीतरी पत्रांवर ‘छ’ लिहून चांद्रतिथी आणि मुसलमानी महिना असतो, साल नसतंच. ते ठरवायचं शेजारच्या पत्रांवरून: त्यात कुठल्या स्वारीचा मुक्काम कुठं आहे, कोण आजारी आहे, कोण वारलं आहे. रुमाल फुटला की साल हरवतं, आणि मग बाजीरावाचं म्हणून विकलेलं पत्र थोरल्या बाजीरावाचं की शिवनेरीवरच्याचं, हेही तज्ज्ञाला झगडून ठरवावं लागतं.

जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या माळ्यावर रुमाल आहे, त्यांनी विकायच्या, वाटायच्या किंवा साफसफाईच्या आधी गाठ सोडल्यावर ज्या क्रमानं कागद निघतील त्याच क्रमानं प्रत्येक कागदाचा फोटो काढावा, कोरे आणि हिशेबाचेसुद्धा, दोन्ही बाजूंनी. आणि मग मोडी वाचणाऱ्याला बोलवावं.